काम पूर्ण, चूक नाही

मी काय काम करते असं पिंगळीत कुणी आईला विचारलं की ती सांगायची, "परभणीला हापिसात हाय. कागदाला भोकं पाडती." ऐकणारा विषय बदलायचा. त्यासाठी बी.एस्सी. कशाला व्हावं लागतं, हे विचारणं बरं दिसलं नसतं. आमच्या बौद्धवाड्यातून शिकून नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी कधी कामाची चौकशी केली नाही. सकाळच्या गाडीला मी फलाटावर उभी असले की रुळावरून चालता चालता एकदा मान वर करून बघायचे, तेवढंच.

आईचं सांगणं खोटं नव्हतं. सत्तरच्या दशकात परभणीच्या एका सरकारी शेती कार्यालयात मी कार्ड पंचिंगचं काम करायची. ज्वारीचे नवे वाण निरनिराळ्या गावी शेतकऱ्यांच्या रानात पेरून बघत. रानाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात एक वाण. कापणीनंतर दाणे तोलायचे आणि ते आकडे आमच्याकडे यायचे. एका तुकड्याचं एक कार्ड. जाडसर पिवळट कागदाचं, पोस्टाच्या पाकिटापेक्षा थोडं मोठं. यंत्रावर आकड्याची कळ दाबली की कार्डात ठरलेल्या जागी भोक पडतं. गाव कुठलं, वाण कुठला, दाणे किती भरले, सगळं भोकांच्या भाषेत. मग ती कार्डं लाकडी पेट्यांत भरून रेल्वेनं हैदराबादला जायची, कारण संगणक तिथं होता. आमच्या कार्यालयाला तिथले काही तास भाड्यानं मिळत. तिथं कार्डं वाचून सगळी माहिती चुंबकीय टेपवर उतरायची आणि सरासऱ्या छापून निघायच्या.

प्रत्येक कार्डाची आम्ही एक जोड काढून परभणीच्या लोखंडी कपाटात ठेवायचो. आज ज्याला बॅकअप म्हणतात त्याला आम्ही 'दुसरी थप्पी' म्हणायचो. तिच्याकडे सहसा कुणी बघत नसे. कपाटावर कुंड्या ठेवू नका, पाणी झिरपेल, एवढंच मी शिपायाला सांगत राहायची.

संगणक चूक दाखवायचा, पण काय चुकलं ते सांगायचा नाही. दोन शब्द छापायचा आणि थांबायचा. त्या दोन शब्दांनी आमच्या माने भाऊसाहेबांना जे भोगावं लागलं ते मी विसरलेले नाही.

माने आमचे हेडक्लार्क. पंचावन्नच्या आसपासचे, टोपी कधी न काढणारे, अतिशय सज्जन. हैदराबादला जाणाऱ्या प्रत्येक कामाला एक नाव द्यावं लागे, आणि कागदपत्रं त्यांच्या सहीनं जात म्हणून कामाला त्यांचंच नाव दिलेलं. एकदा पेटीबरोबर छापील कागद परत आला. त्यावर इंग्रजीत एवढंच होतं : माने. इल्लीगल कॅरेक्टर. काम नामंजूर.

भाऊसाहेबांनी तो कागद कुणाला न दाखवता टेबलाच्या खणात ठेवला. एकदोन दिवस ते जेवायच्या सुट्टीत डबासुद्धा उघडेनात. शेवटी माझ्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले. दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "खंदारेबाई, एक खासगी विचारायचंय. माझ्या पोरीचं मानवतला जमायलंय. अशा वेळी आपल्याबद्दल असं छापून यावं… ह्या कागदाची नक्कल कुठं कुठं जाते?"

मला आधी काही कळेना. मग त्यांनी कागद पुढं केला. हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते मी आत घेतलं. सांगितलं, "भाऊसाहेब, संगणकात कॅरेक्टर म्हणजे अक्षर. जिथं आकडा पाहिजे तिथं कुठंतरी अक्षर पडलंय. बहुतेक शून्याच्या जागी ओ."

त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "अक्षर?"

"हो. अक्षरच."

"मग अक्षर म्हणावं की. हे कसलं बोलणं झालं?" ते खुर्चीवर बसले, टोपी नीट केली. "आणि ह्याच्यापुढं कामाला साहेबांचं नाव देत जा. मला न्हाई सोसायचं हे."

मुलीचं लग्न मानवतलाच झालं. मी जेवायला गेले होते. भाऊसाहेबांनी मला बाजूला घेऊन व्याह्यांशी ओळख करून दिली, पण मी काय काम करते ते काही सांगितलं नाही.

खरी कसोटी लागली ती नंतर, एका भाद्रपदात. हैदराबादहून तार आली की आमची मुख्य टेप वाचली जात नाही. तिच्यावर सगळ्या हंगामांचे आकडे होते. जुनी झाली की टेपचा लेप सुटतो, मग संगणक 'टेप एरर' एवढं छापतो आणि पुढं सरकत नाही. दिवाळीच्या आधी वाण मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होती. तिच्यापुढं सर्व वर्षांची एकत्र सरासरी ठेवायची होती. ती नसती तर आमचा एकही वाण त्या वर्षी विचारात घेतला गेला नसता.

ज्वारीचं काम बघणारे आमचे पाथरीकर सर तेव्हा निवृत्तीच्या जवळ आले होते. शेतात हिंडून रापलेला चेहरा, एका कानानं ऐकू कमी यायचं, म्हणून बोलणाऱ्याकडे दुसरी बाजू वळवून उभे राहायचे. त्यांनी तार वाचली आणि मला विचारलं, "दुसरी थप्पी शाबूत हाय ना?"

मी कपाट उघडलं. थप्पी होती, पण पावसाळ्याच्या दमट हवेनं कार्डं फुगली होती. बोटांना गार लागत होती. अशी कार्डं यंत्रात गेली की एकमेकांना चिकटतात, वळतात, अडकतात. कार्यालयाच्या साहेबांच्या परवानगीनं मी एका रिकाम्या कपाटात विजेचा दिवा लावून ठेवला आणि गठ्ठ्यागठ्ठ्यानं कार्डं त्यात वाळवली. पापड उलटतात तशी उलटली. मग पेट्या भरल्या, आणि सर आणि मी हैदराबादच्या गाडीत बसलो. सोबत माझे वडील आले. रजा काढली होती. "पेट्या जड हायत," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

हैदराबादच्या केंद्रात यंत्रावर लक्ष्मणराव नावाचे ऑपरेटर होते. तेलुगू माणूस, आमच्याशी दख्खनी बोलायचे. खोली थंडगार, एकीकडे कार्ड वाचणारं यंत्र, दुसरीकडे कपाटाएवढाले टेपचे ठोकळे. सकाळी काम सुरू झालं. कार्डं खटखट आत जात होती आणि टेप थोडी थोडी फिरत होती. दोनदा कार्ड अडकलं. लक्ष्मणरावांनी ते ओढून काढलं, मी त्याची नक्कल पंच करून दिली, गाडी पुढं चालली.

आणि मग ती आपोआप थांबली. अर्ध्याहून जास्त कार्डं अजून वाचायची होती. छपाईयंत्रानं ओळ छापली : काम पूर्ण. चूक नाही.

पुन्हा सुरुवातीपासून चालवलं. पुन्हा तिथंच. तीच ओळ.

यंत्र बंद पडलं तर माणूस वैतागतो, पण त्याला कुठं हात घालायचा ते कळतं. इथं काम अर्धवट आणि यंत्र म्हणतंय सगळं ठीक. मी लक्ष्मणरावांना म्हटलं, "हे खोटं बोलतंय."

"मशीन झूट नइं बोलती, बाई," ते म्हणाले. "पूरी बात नइं बोलती."

त्यांनी एक मार्ग सुचवला. उरलेली कार्डं वेगळं काम म्हणून चालवायची आणि दोन्ही भाग टेपवर जोडायचे. दुपारपर्यंत आटोपलं असतं. मला तो पटला. आमचे तास संपत आले होते, आमच्यानंतरचे लोक बाहेर बाकावर येऊन बसले होते. मी सरांकडे बघितलं.

सर छापील यादीवर वाकले होते. टेपवर जे उतरलं त्याची ती यादी. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "चालवा. माझं काही म्हणणं न्हाई. पण आधी मला एवढं कळू द्या, हे सेलूलाच का थांबायलंय?"

सेलूजवळच्या एका गावात आमचं एक प्रयोगाचं रान होतं. यादी थांबली होती ती तिथल्या दुष्काळाच्या वर्षाच्या तोंडाशी.

मी यंत्रातून त्या रानाची कार्डं काढली. भोकं उजेडासमोर धरली की वाचता येतात, सवयीनं जमतं. पहिल्या कार्डावर गाव सेलू, वाण पहिला आणि वजनाच्या जागी सगळे नऊ. आमच्या कार्यालयाचा तसा नियम होता. शून्य लिहिलं तर दाणे तोलले पण काही भरलं नाही असा अर्थ व्हायचा. नऊ म्हणजे तोलण्यासारखं काही उगवलंच नाही.

लक्ष्मणरावांनी प्रोग्रॅमचा कागद आणला आणि एका ओळीवर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ठरवलं होतं की वजनाच्या जागी सगळे नऊ आले की समजायचं, हे शेवटचं कार्ड, आता वाचायचं काही उरलं नाही. प्रत्येक गठ्ठ्याच्या तळाशी आम्ही असं एक नवांचं कार्ड ठेवतही होतो. ह्या वेळी सगळी वर्षं एकत्र चालवायची म्हणून मधली ती कार्डं काढून फक्त शेवटचं ठेवलं होतं. नियम करणारा एका गावी, प्रोग्रॅम लिहिणारा दुसऱ्या गावी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नसेल. एकाचा नऊ म्हणजे पीक गेलं, दुसऱ्याचा नऊ म्हणजे काम संपलं.

"मग इतकी वर्षं चाललं कसं?" सरांनी विचारलं.

त्याचं उत्तर मला लगेच सुचलं. दरवर्षी एकाच हंगामाची कार्डं चालवली जात. गावांच्या क्रमात सेलू शेवटचं. यंत्र सेलूच्या पहिल्या कार्डाशी थांबलं तरी काम तसंही संपतच आलेलं असायचं. शेवटची चार-दोन कार्डं यंत्राच्या पोटात राहतातच, ती बटण दाबून बाहेर काढायची पद्धत होती. त्या वर्षीही तशीच काढली असणार. म्हणजे दुष्काळातल्या सेलूचं रान कुठल्याच सरासरीत कधी आलं नव्हतं.

"बाकीची वाचा," सर म्हणाले.

मी एकेक कार्ड उजेडासमोर धरून वाचत गेले. नऊ. नऊ. नऊ. सर खाली बघून ऐकत होते. मग एका कार्डावर वजन आलं. थोडंच होतं, पण वजन होतं. मी ते पुन्हा वाचलं.

"वाण कुठला?"

मी क्रमांक सांगितला. सरांनी चांगला कान माझ्याकडे वळवला आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितला.

"ह्याला तर मी दुसऱ्याच वर्षी काढून टाकलं," ते म्हणाले. "बाकीच्या गावांत चारचौघांसारखाच होता. ठेवायला कारणच नव्हतं."

लक्ष्मणरावांनी प्रोग्रॅममधली ती ओळ बदलून दिली. संध्याकाळी सगळी थप्पी टेपवर उतरली. बाहेर बसलेल्या लोकांनी त्यांच्या वेळेतला थोडा वेळ आम्हाला दिला. का हवाय ते त्यांना सांगितल्यावर त्यांच्यातला एकजण पेट्या उचलायलाही आला. परतीच्या गाडीत वडिलांनी मला विचारलं, "काम झालं का?" मी हो म्हटलं. ते सरांकडे बघून म्हणाले, "मग साहेब असे का बसलेत?"

समितीपुढं दुरुस्त आकडे वेळेत गेले. आमचा एक वाण मंजूर झाला, कार्यालयात पेढे वाटले गेले. पण सरांच्या डोक्यात तो दुसराच वाण होता. काढून टाकलेल्या वाणांचं बी पत्र्याच्या डब्यांत काही वर्षं ठेवत असत. त्यांनी डबा शोधून काढला. ओल्या गोणपाटावर दाणे पसरून ते रोज सकाळी आधी तिथं जायचे. एकही दाणा उगवला नाही. त्या काळी आमच्याकडे बी थंडाव्यात ठेवायची सोय नव्हती, आणि परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याचा डबा म्हणजे भट्टीच.

एकच आशा उरली होती. प्रयोगाचे दाणे तोलून झाले की ज्याचं रान त्याच्याकडेच ते ठेवत. सर म्हणाले, "सेलूला जाऊन येऊ. तुमी बी चला, ते कार्ड तुमी वाचलंय."

दसरा झाला होता. सेलूला उतरून पुढं बैलगाडीनं गेलो. रान होतं मुंजाजी ढवळे नावाच्या शेतकऱ्याचं. साठीचा माणूस, पेरणी चालू होती. आम्हाला बघून त्यांनी औत थांबवलं आणि घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, चहा ठेवला. मला आतच बसवून घेतलं. कुठली, कुणाची, सगळं विचारलं. मी सांगितलं. सरांना दिला होता तसाच कप त्यांनी माझ्या हातात दिला. तेव्हा हे मी बघत असे.

सरांनी दुष्काळाचा विषय काढला. मुंजाजी म्हणाले, "त्या सालाचं नका विचारू, साहेब. ढोरं वारली. मी येलदरीकडं खडी फोडायला गेलतो."

"तुमच्या रानात आमचा प्रयोग होता. सगळं वाळलं, पण एका तुकड्यात थोडी ज्वारी आली होती."

"आलती की. ठेंगणी, कणूस वाकडं. तुमचा माणूस तोलून गेला, अन् म्हणला, ठेवा तुमाला."

"त्याचं बी राहिलंय का कुठं? मूठभर असलं तरी चालेल."

मुंजाजींनी बायकोकडे बघितलं. कौसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "बी कुठलं? खाल्लं की ते. त्या साली घरात तेवढंच पिकलतं. हे खडीवर, मी अन् लेकरं हितं. दळून, कण्या करून पुरवलं लय दिस."

मला वाटलं आता सर उठतील. मुंजाजी अवघडून म्हणाले, "ठेवायचं हाय असं कुणी सांगितलं असतं तर…"

"तर ठेवलं असतं का?" सरांनी विचारलं.

मुंजाजींनी मान हलवली. "न्हाई. ठेवणं जमलंच नसतं."

"बरोबर हाय," सर म्हणाले. मग त्यांनी चांगला कान कौसाबाईंकडे वळवला. "बाई, चवीला कसं होतं ते?"

कौसाबाईंना असं कुणी विचारेल असं वाटलं नसावं. त्यांनी पदर नीट केला, थोडा विचार केला. "भाकर पांढरी न्हाई व्हायची. पर गोड लागायची. अन् दुसऱ्या दिवशी बी मऊ राहायची. लेकरं नुसती खायची, कालवण न्हाई मागायची." थांबून त्या म्हणाल्या, "मागून तरी कुठलं दिलं असतं."

सरांनी आणखी विचारलं. पिठाला पाणी किती लागायचं, थापताना भाकरी फुटायची का. त्या सांगत होत्या आणि ते मन लावून ऐकत होते. निघताना कौसाबाईंनी माझ्या ओटीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या.

पुढच्या दुरुस्त तक्त्यात सरांनी तो वाण छापायला लावला. कार्यालयाच्या साहेबांनी विचारलं की जे बी आता जगात नाही त्याची नोंद कशाला. सर म्हणाले, "होतं, एवढं तरी कळू द्या लोकांना." त्याचं नवं कार्ड मी पंच केलं.

त्या वाणाचे आई-बाप असलेले दोन वाण मात्र अजून होते. सरांनी त्यांचा संकर पुन्हा करायला घेतला. पण माणसाचं काय किंवा ज्वारीचं काय, आई-बाप तेच असले तरी लेकरं सारखी निघत नाहीत. त्यांनी शेकड्यांनी झाडं वाढवली, ठेंगणी आणि वाकड्या कणसाची तेवढी निवडली. निवृत्त झाले तरी सकाळी सायकलनं रानावर यायचे. कुणी त्यांना अडवलं नाही. मधे काही वर्षं गेली. शेवटी एक वाण त्यांना जवळपास तसाच वाटला. त्यांनी तो मुंजाजींच्या रानात पेरायला दिला.

कापणी झाल्यावर आम्ही पुन्हा सेलूला गेलो. कौसाबाईंनी नव्या ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुगवली. पहिला घास त्यांनी स्वतः घेतला. सर पाटावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कान त्यांच्याकडे केलेला.

कौसाबाईंनी सावकाश घास चावला, गिळला. मग उरलेली भाकरी मोडून आमच्या ताटात वाढली.

"चांगली हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "लय चांगली हाय. पर ती न्हाई."

सरांनी मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली.